आटवलेलं पाणी

आमच्या गल्लीतल्या बोरच्या पंपाला किरणकुमारनं तांबडा रंग फासला, तवा मी त्याच्याशी भांडले. तो पाणी तपासणारा सरकारी माणूस.

"अक्का, ह्या पाण्यात सोमल हाय. इख हाय ते. पिऊ नका," म्हणला.

"कुणी कालवला?" मी इचारलं. माझ्या डोक्यात गावातली चार नावं तयारच होती. आडाला आमच्या माणसांना शिवू देत नव्हते, म्हणून माझ्या मालकांनी कचेरीचे उंबरे झिजवून हा बोर मारून घेतला होता.

"कुणीच न्हाई. लई खालच्या गाळातच हाय तो, पहिल्यापासून. तिथं हवा पोचत न्हाई, मग गाळाला चिकटलेला सोमल सुटतो अन् पाण्यात उतरतो. चव न्हाई, वास न्हाई. आड उथळ हाय, त्याचं पाणी चांगलं निघालंय."

आता गाळाशी काय भांडायचं? दिवसभर घरात-दारात येरझाऱ्या घातल्या. सून प्रेरणा सात महिन्यांची गरवार. आडावर जायला पाय उचलंना.

मग मी शहाणपणा केला. बाळंतिणीला देतात तसं बोरचंच पाणी उकळून, अर्धं आटवून तिला पाजलं. पंधरा दिवस.

किरणकुमार परत आला, चुलीवरचं पातेलं बघून त्यानं कपाळाला हात लावला. "अक्का, सोमल उकळून जात न्हाई. पाण्याची वाफ होते, तो खालीच राहतो. तुम्ही दुप्पट पाजायलाव."

मी पातेलं उचलून उकिरड्यावर पालथं केलं. प्रेरणा म्हणली, "आत्या, तुम्हाला काय ठाऊक होतं?" रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तशीच घागर घेऊन आडावर गेले. वरच्या आळीतल्या श्रीपतरावांची वच्छलाबाई पाणी शेंदायली होती.

"सावित्रीबाई व्हय? ठेव घागर खाली, मी वरून वतते. तुला कामून तरास?"

गोडच बोलली. पण माझी माय जल्मभर इथंच, असंच वरून वतलेलं पाणी घ्यायला ताटकळायची.

"दोर दे," मी म्हणले.

तिची मूठ सुटंना.

"वच्छलाबाई, पंधरा दिवस माझ्या सुनेला मीच इख पाजलंय. आता तिचं पाणी मीच शेंदणार."

तिनं माझ्याकडं बघितलं, दोर हातात दिला अन् बाजूला सरकली. पहिली बादली निम्मी सांडली. मी परत आडात सोडली.