धुऊन आलेले कपडे

सीमेवर लढाई पेटली तेव्हा माझा भाचा अजिनाथ मागंच राहिला. लढाऊ विमान उडवायचा तो, पण त्याला नव्या पोरांना शिकवायला ठेवलं होतं. फोनवर म्हणाला, "आत्या, आईला सांग, मी शाळामास्तर झालोय."

त्याच्या आईनं, मायाक्का वहिनीनं, लगेच नवसाचं बकरं कापलं. सगळी वाडी जेवली. मीही सोलापूरहून एसटीनं सांगोल्याकडं गेले आणि रस्सा दोनदा मागून घेतला. पोरगं सीमेवर जाऊ नये, एवढंच वहिनीनं देवाकडं मागितलं होतं. देवानंही तेवढंच दिलं.

आठवड्याच्या आत सरावाचं विमान उतरताना कोसळलं. शिकाऊ पोरगा हवाई छत्रीनं वाचला. अजिनाथ नाही.

पेटी वाडीवर आली. बरोबर त्याचा मित्र अभिमन्यू होता, नातेपुत्याचा, त्याच्याच तुकडीतला. वहिनी पेटीला हात लावून बसली.

"उघडा."

"काकू, नाही उघडता येणार."

"का? माझाच हाय न्हवं?"

"तुमचाच. पण होता तसाच डोळ्यांपुढं राहू द्या."

माझा भाऊ येडू, अजिनाथचा बाप, वाकून म्हणाला, "ऊठ गं. लोकं खोळंबल्यात."

"खोळंबू द्या. परवा जेवायला बरी टायमात आली हुती."

मी पदर तोंडाला लावला. रस्सा मीही ओरपला होता.

वहिनीनं अभिमन्यूकडं पाहिलं. "सायेब, तुमच्यात मेंढरं हायती का?"

"नाही काकू. ऊस आहे."

"मग तुमाला ठावं नसंल. कोकरू मेलं की आमी लगीच पुरत न्हाय. मेंढीम्होरं ठिवतो. ती हुंगती, पायानं हलवून बघती, मग गप हुती. न दावता पुरलं तर रानभर वरडत हिंडती. चारा खाईना, कळपात थांबंना. मला बघू नका दिऊ. नुसतं हुंगू तर द्या की."

अभिमन्यूनं एकदा पेटीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग गाडीतनं अजिनाथची ट्रंक आणून वहिनीपुढं उघडली.

वहिनीनं एकेक सदरा नाकाशी धरला. बनियन, टॉवेल, मोजेसुद्धा. सगळ्यांना कडक इस्त्री.

"ही धुतल्याली हायती."

"हो काकू. तुमच्याकडं नीट यावेत म्हणून मीच धुऊन घेतले."

"लई चांगलं केलंसा," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता. मला कळलं, त्या पोराला कळलं नसावं. तो बुटांकडं बघत राहिला.

ट्रंकेच्या तळाशी घोंगडी होती. नोकरीला निघताना वहिनीनंच बांधून दिलेली. घोंगडी कोण धुतंय! वहिनीनं त्यात तोंड खुपसलं. बराच वेळ. मला वाटलं, सापडला.

तिनं तोंड वर काढलं. "वन्सं, ह्याला आपलाच वास हाय. मेंढराचा. त्याचा न्हाय."

मग घोंगडीची चारी टोकं तिनं पुन्हा एकेक करून हुंगून पाहिली.

पेटी उचलली तेव्हा तिनं अडवलं नाही. माळावर बंदुकांच्या फैरी झडल्या आणि वाड्यात कोंडलेली मेंढरं बिथरून, काटेरी कुंपण मोडून पळाली. चिता पेटल्यावर येडू आणि गडीमाणसं त्यांच्यामागं धावली. दुःखातसुद्धा मेंढरं वळावीच लागतात.

दिवस कलला. वहिनी अंगणात नव्हती. ओढ्याच्या बाजूनं हाक ऐकू आली. मेंढरं गेली होती टेकडीकडं, आणि ही उलट्या दिशेनं चालली होती, खांद्यावर घोंगडी टाकून, थांबून थांबून हाक मारत, मग कान देत.

"अजिनाऽऽथ!"

मी चपला शोधल्या, मिळाल्या नाहीत. तशीच अनवाणी तिच्यामागं निघाले. दोघींपैकी एकीला तरी परतायची वाट ठाऊक असायला हवी होती.