आर्डिसची छोटी कार्बाइन

खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आर्डिसला बजावलं, "यापुढे धक्का देणारी बंदूक खांद्याला लावायची नाही." शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई. ओहायोतल्या आमच्या नेमबाजी क्लबात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा तिने कितीदा तरी जिंकलेली. आम्हाला वाटलं, आता ती घरीच बसणार.

बरी होताच ती मैदानावर हजर! हातात दुसऱ्या महायुद्धातल्या कार्बाइनसारखी, म्हणजे आखूड लष्करी रायफलीसारखी हुबेहूब बंदूक. तसाच लाकडी दस्ता, तसाच पट्टा. पण नवीकोरी, आणि गोळी पॉइंट टू-टूची, शेंगदाण्याएवढी; खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच.

"नातवाचं खेळणं चोरलंस काय गं?" डेल्मर म्हणाला. तिचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्याकडे खरीखुरी, जोराचा धक्का देणारी लष्करी गॅरंड रायफल, आणि तोंडात सदा त्या रायफलीचंच कौतुक.

"खेळणं आहे ना? मग खेळून दाखव," आर्डिसने बंदूक पुढे केली.

मैदानाची देखरेख माझ्याकडे असल्यामुळे मी शेजारीच उभा होतो. डेल्मर हसत हसत नेम धरायला जमिनीवर पालथा झाला. पहिल्या गोळ्या कागदावर इकडेतिकडे विखुरल्या. "नेमच वाकडा आहे हिचा," तो कुरकुरला. पुढची गोळी फुसकी निघाली. घोडा दाबल्यावर नुसता 'टक्' आवाज झाला. पण नळीचं तोंड मात्र झपकन खाली गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं.

"बंदूक समोरच धर, हलवू नकोस. अशी गोळी कधी उशिरानेही सुटते," मी म्हणालो.

आर्डिस कमरेवर हात ठेवून उभी होती. "गोळी सुटलीच नाही डेल्मर, मग दचकलास कशाला?"

सगळे हसले. डेल्मरचे कान लाल झाले. गॅरंडच्या धक्क्याची धास्ती त्याच्या अंगात मुरली होती. त्या रायफलीच्या मोठ्या आवाजात आणि उसळीत ती आजवर लपून राहिली होती.

दुसरा कोणी असता तर तणतणत निघून गेला असता. डेल्मर उठला, टोपी सारखी केली आणि हळूच म्हणाला, "म्हातारे, ही सवय मोडेल का?"

"मोडेल. शनिवारी ये. कॉफी तू आणायचीस."

उन्हाळाभर दोघं त्या छोट्या बंदुकीवर सराव करत होते. ती मुद्दाम अधूनमधून रिकामं काडतूस भरायची आणि नळी हलली की ओरडायची, "दचकलास!" पानं पिवळी पडेपर्यंत तिला ओरडायची वेळ येईनाशी झाली.

शरदातल्या स्पर्धेत डेल्मर गॅरंड घेऊन पहिला आला. त्यानंतरच्या क्लबच्या सभेत त्याने उभं राहून ठराव मांडला, की छोट्या प्रतिकृतींची वेगळी स्पर्धा हवी.

"खेळण्यांची?" मागून कोणीतरी खोचकपणे विचारलं.

"हो, खेळण्यांची," डेल्मर म्हणाला. "हिंमत असेल तर ये, खेळून बघ."

ठराव मंजूर झाला. वसंतात पहिली स्पर्धा भरली, ती आर्डिसने जिंकली. डेल्मर दुसरा आला आणि संध्याकाळपर्यंत वाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसला.