सुगरणीची बाभूळ

खुशालराव मुकादमानं कुऱ्हाड उलटी धरली आणि दांडा चंद्रभानच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज बांधावर उभ्या सुभद्रेला स्पष्ट ऐकू आला. तिचा नवरा चिखलात गडबडा लोळत होता. गुन्हा एवढाच, की विहिरीवरची बाभूळ तो तोडू देईना.

त्या साली कापसानं माणसांची डोकी फिरवली होती. विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा, कापसाला गाड्या हव्या, आणि गाडीच्या चाकाला बाभळीसारखं लाकूड नाही. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत बांध बोडके झाले. मालकाला विचारतो कोण? बळी तो कान पिळी.

"सकाळी येतो," खुशालराव म्हणाला. "आडवा आला त दुसराबी हात मोडतो."

"दहा दिवस थांबा, मुकादम," सुभद्रा म्हणाली. "खोप्यात सुगरणीचे पिल्लं हायेत. उडाले की न्या झाड."

"पाखरायसाठी गाड्या थांबवू काय मी? कावून डोकं खाऊन राहिली?"

मुकादमाच्या मागं त्याचा पहारेकरी उभा होता. गुलबाज खान रोहिला, ताडमाड, कमरेला तलवार. त्याला पाहून लोक दारं लावत. सुभद्रेला मात्र तो वेगळाच माहीत होता. महिनाभर तो पाण्याला विहिरीवर येई आणि मान वर करून खोपे पाहत बसे. अकरा खोपे. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तपासते, नापसंत पडला की बिचारा दुसरा विणायला घेतो. ते पाहून हा राक्षस पोरासारखा हसे.

"हमारे रामपूर में भी यही बया है, बहन. मेरी बीवी भी ऐसी ही थी. एक घर पसंद नहीं आया उसे!"

सुभद्राही हसे. सुगरणीला तो बया म्हणे. त्याची निम्मी भाषा तिला कळत नसे, पण अडत कुठं होतं?

आज मात्र तो खाली मान घालून मुकादमामागं निघून गेला. मेल्यानं एक शब्द काढू नये? सुभद्रेच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी ती गोफण घेऊन ज्वारीतल्या माळ्यावर चढली. राखण करणारा पाखरावर नेम धरत नाही. दगड डोक्यावरून सोडायचा, भीतीच पुरते. पाखरं अशीच उडतात, माणसंही पळतील, असा तिचा हिशेब.

बाभळीवर घाव पडले. एक फांदी कोसळली, खोपा फुटला, पिल्लं मातीत पडली. खुशालरावानं त्यांच्यावर पाय दिला. सुभद्रेच्या डोळ्यांत रक्त उतरलं. तेवढ्यात कुऱ्हाड रोहिल्याच्या हातात दिसली. आता हा तोडणार! तिनं गोफण गरगर फिरवली आणि त्याच्या फेट्याच्या हातभर वरून दगड सोडला.

त्याच वेळी गुलबाज विहिरीच्या दगडी काठावर चढला, बुंध्याला पाठ लावून त्यानं कुऱ्हाड मुकादमावर उगारली. "दस दिन! दस दिन कोई हाथ नहीं लगाएगा!"

दगड थेट कानशिलावर बसला.

तो कोसळला तसे मुकादम आणि गडी पळत सुटले. सुभद्रेनं धावत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिचं लुगडं रक्तानं भिजलं.

"खानदादा, मले वाटलं तुमीच तोडता..."

त्याला दिसत नव्हतं. "बहन... कितने बचे?"

तुडवलेला खोपा तिच्या पायाशीच होता.

"अकरा," ती म्हणाली. "सारे हायेत."

तो हसला आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर जड झालं.

आळ आपल्यावर नको म्हणून खुशालरावानं चौकीत सांगितलं, रोहिला काठावरून पडून मेला. ज्याखाली माणूस मेला त्या झाडाला हात लावायला एकही गडी धजेना. तरी सुभद्रा दहा दिवस बाभळीखाली बसून राहिली.

शेवटचं पिल्लू उडालं त्या सकाळी ती गोफण घेऊन अमरावतीच्या चौकीत गेली.

"खानदादाले मी मारलं," ती म्हणाली. "दहा दिवस आली नाई. ते त्यानं मांगतले होते."