रिकामा वर येणारा डोल

मी एक जुना पितळी डोल आहे. डोल म्हटलं की विहिरीतून पाणी काढणारं भांडं तुमच्या डोळ्यांपुढे येईल. पण मित्रांनो, मी आयुष्यात एकदाही विहिरीतून पाणी वर आणलेलं नाही. मी भरून खाली जातो आणि रिकामा वर येतो. माझी घडणच तशी आहे.

कारंजा गावच्या एका तांबटानं मला ठोकून आकार दिला. वर धरायला इतर डोलांसारखी मूठ लावली आणि मग मला पालथं घालून बुडालाही मधोमध एक कडी बसवली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं हसायची.

"काहो, याले खालून काहून लटकवता?"

"ज्याचं हाय त्याले समजते," तांबट म्हणायचा आणि ठोकत राहायचा.

ज्यांचा मी होतो ते कामरगावचं एक जैन घर होतं. पुढं किराण्याचं दुकान, मागं अंगण आणि अंगणात विहीर. पानाबाई त्या घरात सून होऊन आली त्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं मला आणलं. पुढं तो वारला, मुलगा कांतीलाल दुकान पाहू लागला. मी मात्र पानाबाईच्याच हातात राहिलो.

आता माझं काम सांगतो. पानाबाई पाणी काढायची दुसऱ्या बादलीनं. ते जाड, दुहेरी गाळण्यातून गाळायची. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायची, म्हणजे गाळण्याला अडकलेले बारीक जीव त्या पाण्याबरोबर माझ्या पोटात उतरायचे. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ते जीव डोळ्यांना दिसत नाहीत. पण पानाबाईचं म्हणणं एकच होतं. ज्या विहिरीतून ते आले, तीच त्यांची वस्ती. त्यांना तिथंच पोचवायचं. नुसतं वरून ओतायचं नाही, भिंतीवर आपटून मरतील.

म्हणून मी. दोराच्या टोकाला एक लोखंडी आकडा होता, त्यात माझी मूठ अडकवायची. त्याच दोराचा एक आखूड फाटा माझ्या बुडाच्या कडीला बांधलेला असे. मी पाण्याला टेकलो की दोर सैल पडायचा आणि आकडा मुठीतून सुटायचा. मग वर ओढलं की मी बुडाकडून उचलला जायचो आणि पोटातलं सगळं अलगद पाण्यात सोडायचो.

पहिल्यांदा खाली उतरलो तो दिवस मला अजून आठवतो. वरचा उजेड ताटलीएवढा झाला. दगडांच्या फटीतून पारवे उडाले. गारवा वाढत गेला आणि खाली काळं, न हलणारं पाणी दिसलं. इतकं मोठं काही मी पाहिलं नव्हतं. माझ्या पोटात ओंजळभर पाणी, त्यात न दिसणारी किती तरी आयुष्यं, आणि वर दोर धरून एक बाई श्वास रोखून उभी. मी टेकलो, कलंडलो, आणि ते सगळे आपापल्या घरी गेले. इतक्या वर्षांत हे काम मला कधी साधं वाटलं नाही.

या कामामुळे पानाबाईच्या हाताला एक वळण लागलं होतं. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे पाऊण तासभरच चालतं, पुढं ते पुन्हा गाळावं लागतं. मग जास्तीचं गाळून ठेवायचं कशाला? लागेल तेवढंच काढायचं. तांदळाचं धुवण गाईला. पेला अर्धा भरायचा, हवं तर पुन्हा घ्यायचं. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं आणि तिनंही कुणाला बसवून शिकवलं नाही.

सून आली ती अमरावतीची, प्रेमाबाई. मनानं मोकळी आणि हातानंही मोकळी. अंगणात रोज दोन बादल्या ओतून सडा, भांड्यांना आणि कपड्यांना धुण्याचा सोडा. पाणी गाळायची, पण मला दोर बांधण्याचा तिला कंटाळा.

"आत्याबाई, हे जीव दिसत तर नाईत."

"तू निजलीस म्हंजे तुले तरी कोन दिसते?" पानाबाई म्हणायची. "मंग काय कोनीच नाई का घरात?"

प्रेमाबाई हसायची आणि सोड्याचा डबा उघडायची. मी खुंटीवरून पाहत असे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला होता, त्या वर्षी झालाच नाही म्हणा. विहिरीचा दोर आम्ही दोनदा वाढवला. उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी पानाबाईनं मला खाली सोडलं. मी टेकलो. आकडा सुटला, दोर ताणला गेला, मी कलंडलो. पण खाली पाणी नव्हतं, चिखल होता. बादलीनं शेवटचं पाणी वर नेलं होतं आणि पानाबाईला वरून ते दिसलं नव्हतं. माझ्या पोटातले जीव चिखलावर सांडले.

पानाबाईनं दोर हळूहळू ओढला. मला वर घेतलं, माझ्या काठाचा चिखल बोटानं पुसला आणि विहिरीच्या कठड्याला टेकून बसली. त्या दिवशी तिनं उपास केला.

दुसऱ्या दिवसापासून गावात पाण्याची गाडी येऊ लागली. भाऊसिंग नावाचा गाडीवान दोन बैलांच्या गाडीवर पिंपं लादून आणायचा. दारात गाडी थांबली तेव्हा पानाबाई पुढं झाली.

"भाऊसिंग, हे कोन्या इहिरीचं पानी हाय?"

"चार इहिरीचं हाय, शेठानीबाई. जिथं भेटलं तिथून भरलं. समदं एकच झालं आता."

"मंग याची जिवाणी मी कोठी नेऊ?"

भाऊसिंगनं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "मी गाडीवाला हावो, बाई. हे मले नोका इचारू."

पानाबाईनं ते पाणी घरच्यांसाठी भरू दिलं. स्वतः तोंडाला लावलं नाही. कांतीलाल दुकान सोडून आत आला.

"माय, पिऊन घे. आपद्धर्म म्हनतात याले."

"तुमी प्या. मी काही म्हटलं का?"

"अन् तू?"

"मले माहीत असलेल्या इहिरीचं भेटलं का पीन."

ती दुधाच्या घोटावर राहिली, तेही दिवस असेतोवरच. ओठ फुटले. उठताना भिंत धरू लागली. कांतीलाल रागावला, मग गयावया करू लागला, शेवटी दुकानात जाऊन बसला. विहिरीत उतरून मी तिची तहान भागवू शकत नव्हतो. माझं काम पाणी आणणं नव्हतंच.

तेव्हा प्रेमाबाईनं मला खुंटीवरून काढलं. ज्या सुनेला मला दोर बांधायचा कंटाळा होता, तिनंच मला कमरेला घेतलं, डोक्यावर घागर ठेवली आणि ती नाल्यापलीकडं नथ्थू माळ्याच्या मळ्यात गेली. नथ्थूच्या विहिरीत खडकाखालून एक बारीक झिरा अजून येत होता. मळा सगळा वाळला होता. फक्त विहिरीजवळ एका वाफ्यात थोडी वांग्याची झाडं हिरवी होती.

नथ्थूची बायको आवडाबाई त्या वाफ्याशी बसली होती. प्रेमाबाईनं सगळं सांगितलं.

"घागर ने," आवडाबाई म्हणाली. "पन हे बियाची वांगी हायेत. माह्या सासूपासून चालत आलं हे बी. हे झाडं मेले तर बी गेलं. तुह्या घागरीचं पानी याइच्या तोंडातलं हाय."

"मंग कसं करू, मावशी?"

"पेलं ते पेलं. बाकीचं घरात जे सांडते ते वापस आन."

अशी ती देवघेव ठरली. पहाटे घागर घरी जायची, संध्याकाळी सांडपाणी बादलीतून मळ्यात परतायचं. आणि रोज मी. पाणी घरी गाळलं जायचं आणि जिवाणी घेऊन मी नथ्थूच्या विहिरीत उतरायचो. पानाबाई पाणी पिऊ लागली.

सांडपाणी वाया घालवायचं नाही म्हटल्यावर घराची रीतच पालटली. कांतीलालला मोठ्या परातीत पाट टाकून अंघोळ करावी लागे. अंगानं तो भारी. "मी मानूस हावो का भजं?" तो आतून ओरडायचा. दुकानावरची गिऱ्हाइकं विचारायची, "शेठ, आज वांग्याइले न्हाऊ घातलं का?"

त्याची खरी तक्रार वेगळी होती. "माय, आपन वांगं खात नाई. लय बियाचं, बहुबीज म्हनून आपल्या घरात कधी शिजलं नाई. अन् आपल्या न्हानीचं पानी वांग्याले?"

"खात नाई म्हनून मरू द्यायचं का?" पानाबाई म्हणाली. एवढंच.

थोड्या दिवसांत झाडांची पानं कडेनं करपू लागली. आवडाबाई करपलेली पानं एकेक करून खुडत होती, आणि ते प्रेमाबाईला पाहवेना. तिनं बादलीत हात घातला. पाणी बुळबुळीत लागलं. ती तशीच घरी आली, सोड्याचा डबा उचलला आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून भांड्यांना चुलीची राख आणि कपड्यांना रिठे. राखेचं पाणी वेगळं, ते अंगणातल्या लिंबाला. अंघोळीचं आणि धुण्याचं तेवढं वांग्यांना. नवी पानं फुटायला वेळ लागला, पण फुटली.

मृग कोरडा गेला. नथ्थूचा झिरा इतका बारीक झाला की दिवसभरात जेमतेम एक घागर साचू लागली. नथ्थू स्वतः दारात आला आणि उभाच राहिला.

"शेठानीबाई, मी नाई म्हनत नाई. पन वांगे आता पिकाले आले हायेत. थोडेच दिवस पाह्यजेत."

कांतीलाल म्हणाला, "मानसाआधी वांगं का रे?"

पानाबाईनं चपला घातल्या.

"चाल, प्रेमा. तो डोल घे."

ती हळूहळू चालत मळ्यात आली. विहिरीच्या काठावर बसली. नथ्थूनं काढलेल्या पाण्यातून एक तांब्या घेतला, गाळला. गाळणं माझ्यात धुतलं. मग तिथंच बसून ते पाणी प्याली, घोट घोट, डोळे मिटून. उरलेली घागर तिनं उचलू दिली नाही, आवडाबाईकडं सरकवली.

"पानी घरी न्यायचं म्हंजे सांडते, उरते, इटते," ती म्हणाली. "मले तांब्याभरच लागते. मी रोज येत जाईन."

प्रेमाबाईनं मला खाली सोडलं. माझ्या पोटात ओंजळभर पाणी होतं आणि खाली खडकाच्या खोबणीत त्याहून फार जास्त नव्हतं. तिनं दोर बोटाबोटानं सोडला. मी टेकलो. त्या एवढ्याशा पाण्यात वरच्या आभाळाचा तुकडा हलला. मी कलंडलो आणि रिकामा वर आलो.

पाऊस पडेपर्यंत पानाबाई रोज त्या विहिरीवर जाऊन पाणी प्यायली. वांगी झाडावरच पिवळी पडली. आवडाबाईनं बी काढलं, राखेत घोळवून सुकवलं. पाऊस झाल्यावर ते तिच्या वाफ्यात पडलं, आणि ज्यांचं बी गेलं होतं त्या शेजारच्या मळ्यांतही.

आता गावात नळ आला आहे. मी बहुतेक वेळ खुंटीवर असतो, माझं पितळ काळवंडलं आहे. पण नळाचं पाणी जिथून येतं त्या विहिरीचा पत्ता प्रेमाबाईनं काढला आहे. ती विहीर गावाबाहेर आहे, आणि जिवाणी पोचवायला प्रेमाबाई मला घेऊन तिथं जाते.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवा असं मी म्हणणार नाही. पेला भराल तेव्हा तहानेएवढाच भरा. मोरीतून जे वाहून जातं ते कोणत्या झाडाच्या मुळाशी पोचेल ते पाहा, आणि त्या झाडाला सोसेल असंच काही त्यात मिसळा. आणि कधी एखाद्या जुन्या विहिरीवर गेलात तर वाकून खाली पाहा, पण जपून, आणि आवाज न करता. तिथं कोणीतरी राहतं.