पोत्यांवर कारवाई

गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी अंगावर पडून उदाराम मेला. त्याची बायको गोमती वार्ताहर धनेंद्रला म्हणाली, "थप्पी कलली हाये म्हणून यायनं सांगतलं होतं. तरी मालकानं धाडलं. एवढंच लिहजो, भाऊ."

धनेंद्रने तसंच लिहून धाडलं. संध्याकाळी संपादकांचा फोन आला.

"अरे, त्याच मालकाच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात तूच आणली ना? 'मालकाने पाठवले' काढ. 'थप्पीजवळ गेला असता' टाक."

"मग मारलं कोणी, साहेब?"

"पोत्यांनी."

धनेंद्रने शब्द बदलले. सकाळी मथळा झळकला, 'पोत्यांनी घेतला मजुराचा बळी'.

गोमती मालकाविरुद्ध तक्रार द्यायला ठाण्यात गेली, तर ठाणेदाराने तोच पेपर तिच्यापुढे धरला. "बाई, तुझा नवरा आपल्या मनानं गेला. हे बघ, छापून आलंय. पण पोत्यांना आम्ही सोडणार नाही."

आणि खरंच, ट्रॅक्टर नेऊन पोती जप्त केली. बातमीसाठी धनेंद्रला बोलावणं आलं. ठाण्याच्या आवारात पोती ओळीने बसवली होती आणि मागे अख्खं पथक छाती काढून उभं होतं. गोमती पोत्यांशेजारीच उभी होती.

"धनेंद्रभाऊ, पोत्याइले फाशी होते का जी?"

धनेंद्रने मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"वहिनी, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "फोटोत येऊन राहिल्या."