थांबायची खूण

“आता सोडा,” बायको म्हणाली.

तो सतरंजीवर उताणा पडला होता. पायाची बोटं सैल झाली होती, पोटऱ्या सैल झाल्या होत्या, खांदे जमिनीला टेकले होते. टेबलावरच्या फोनमधून मधाळ आवाजाची एक बाई सांगत होती, की आता उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा, अजून घट्ट, आणि सोडून द्या. सगळा ताण बोटांतून वाहून जाऊ द्या. त्यानं मूठ आवळली. बाईनं ‘सोडा’ म्हटलं. बायकोनंही म्हटलं. मूठ सुटली नाही.

“सोडली की,” तो डोळे मिटूनच म्हणाला.

बायको त्याच्याशेजारी बसली. झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तशी तिनं त्याची बोटं एकेक करून उलगडली आणि तळवा उजेडाकडे धरला. नखांच्या खुणा उमटल्या होत्या. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि हात त्याच्या पोटावर ठेवून दिला.

“ही बाई आहे तरी कोण?” पलंगावर बसलेल्या म्हातारीनं विचारलं. “रोज संध्याकाळी येते, बोलते, निघून जाते. चहा तरी विचारा तिला.”

“आजी, ती एकाच वेळी हजार घरांत बोलत असते,” नात म्हणाली.

“मग तिला कसं कळणार ह्याची कुठली मूठ आवळलीय ते?”

नात हसली. तोही हसला. बायको फोन बंद करायला उठली.

कंपनीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी पट्टा पुन्हा गुंडाळून पाहिला, तरी आकडा खाली येईना. “पुढच्या आठवड्यात परत या,” त्या म्हणाल्या. “तोवर खाली राहा. झोपा, फिरा, मन हलकं ठेवा. तेव्हाही असाच निघाला तर मला तुम्हाला क्रेनवर पाठवता येणार नाही.” शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या एका मोठ्या इमारतीवरची उंच क्रेन तो चालवत असे. इमारत जशी वाढे तशी क्रेनही वाढे, आणि घरातल्यांच्या लेखी तोही. खाली राहायचं म्हणजे गोदामात बसून खिळे आणि हातमोजे वाटायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सगळं घर कंबर कसून त्याचं मन हलकं करायला लागलं.

मुलीनं समुद्राच्या लाटांचा आवाज लावला; तो ऐकून त्याला सारखं मोरीत जावं लागलं. मग तिनं रंगवायची वही आणली. त्यानं एका संध्याकाळी एक पान रंगवलं, रेघेबाहेर कणभरही रंग जाऊ न देता, आणि तोवर त्याचे खांदे कानांना जाऊन भिडले होते. बायकोनं जेवणातलं मीठ कमी केलं, कोमट पाण्यात पाय बुडवून बसवलं, जेवणानंतर चालायला नेलं. चालताना तो इतक्या वेगानं चाले की शेवटी तिनंच हात टेकले. “अहो, आपण फिरायला आलोय. कुणी मागे लागलंय का?”

म्हातारीचा उपाय एकच होता आणि ती तो कुठल्याही दुखण्यावर सांगे. “नाव घे आणि ‘तूच बघ’ म्हण. म्हणायचं आणि हात काढून घ्यायचा. आपण दोन्ही हातांनी धरून बसतो, मग तो तरी बिचारा काय करणार?”

“आई, बघतो,” तो म्हणे.

“तू नको बघूस. त्याला बघू दे, असं सांगतेय मी.”

त्याचा स्वतःचा एक उपाय होता, पण ह्या खेपेस तो त्यानं कुणाला सुचू दिला नाही. एरवी कामावरून आला की तो चहाचा कप घेऊन गॅलरीत बसे, पाय कठड्यावर टाकून, खाली बघत. तिसऱ्या मजल्याची ती गॅलरी त्याच्या कामाच्या मानानं पायपुसण्याएवढी, पण तिथं बसला की कपाळावरच्या आठ्या मोकळ्या व्हायच्या. बायको बाजारातून आली की खालूनच हाक मारी. हा दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडी आणि ती हातांनी खुणा करी. सावकाश. अजून थोडं. डावीकडे. बटाटे भरले की बोट वर. शेजारी हसत. ह्या खुणा त्यानंच सगळ्यांना शिकवल्या होत्या. म्हातारीलासुद्धा. “वर बसलेल्याला खालचं काही ऐकू येत नाही,” तो सांगे. “म्हणून खुणा. आणि खुणा एकाच माणसाच्या पाळायच्या, बाकी कुणी कितीही हात हलवू दे. पण ‘थांबा’ ही खूण कुणाचीही चालते. झाडूवाल्यानं केली, रस्त्यानं जाणाऱ्यानं केली, तरी थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं.” दोन्ही हात आडवे पसरायचे, तळवे जमिनीकडे. भांडण चढलं की म्हातारी पलंगावरून हात आडवे पसरी, आणि तो बोलता बोलता तोंड मिटी.

ह्या आठवड्यात तो गॅलरीत गेला नव्हता. परवा बायकोनं खालून हाक मारली, तेव्हा त्यानं मुलीला जिन्यानं पाठवलं. “पाय दुखतायत,” म्हणाला. दोरी गुंडाळलेली, खुंटीवर होती तशीच राहिली. बायकोनं पिशवी ओट्यावर ठेवली, दोरीकडे पाहिलं, आणि बटाटे धुवायला घेतले.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी भोंगा आला. क्रेनखाली उभं राहून खुणा करणारा हा माणूस. सगळं काम मुक्यानं करायचं म्हणून की काय, उरलेल्या वेळात एवढ्या मोठ्यानं बोले की साइटवर त्याचं नावच भोंगा पडलं होतं. दारातूनच त्याचा आवाज आत आला.

“वहिनी, पेशंट कुठाय? आई, ह्याला जरा ओरडा हो. हा नाही तर माझे हात कोण बघणार? आठवडाभर नुसते खिशात घालून फिरतोय.”

“लग्न कर,” म्हातारी म्हणाली. “मग दिवसभर हात जोडत बसशील.”

भोंगा एवढा हसला की शेजारचं कुत्रं भुंकलं. त्यानं चहा घेतला, मित्रानं रंगवलेल्या पानाची तारीफ केली, फोनमधल्या बाईचा आवाज ऐकून तिचा पत्ता विचारला. निघताना तो मित्राला म्हणाला, “चल, खालपर्यंत सोड मला. तेवढंच तुझं चालणं होईल.”

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर भोंगा थांबला आणि आवाज खाली आणला. आणला तरी तो इतरांच्या साध्या बोलण्याएवढा होता.

“उद्या नीट जा. उगाच त्या दिवशीचं काही डोक्यात घेऊन जाऊ नकोस. वारा होता. मी साहेबांना तसंच सांगितलं आणि विषय मिटला.”

“वारा नव्हता.”

“वारा होता.”

“तू हात आडवे केलेस,” तो म्हणाला. त्यानं कठडा धरला होता. “मला स्वच्छ दिसलं. थांबवायला काही करावं लागत नाही रे. दांडा ढकलून धरला तरच क्रेन चालते. हात काढला की तो आपसूक मध्ये येतो, सगळं थांबतं. नुसता सोडायचा. आणि माझा हात सुटेना. मी बघतोय, तुझे हात बघतोय, आणि बोटं उघडतच नाहीत.”

“क्षणभर.”

“त्या क्षणभरात सळ्यांचा भारा तू उभा होतास तिथून गेला.”

“मी उडी मारली ना. शाळेत असती मारली तर बक्षीस मिळालं असतं.” भोंगा हसला, पण हसू लवकर आवरतं घेऊन पायरीकडे बघत म्हणाला, “हे बघ. दुसरा कुणी वर आला तर त्याचा हात मला नवीन. तुझा मला माहीत आहे. एवढी वर्षं माहीत आहे. तू पास हो आणि ये.”

वरच्या वळणावर बायको उभी होती. भोंग्याचं विसरलेलं हेल्मेट तिच्या हातात होतं. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“हे राहिलं,” ती म्हणाली आणि हेल्मेट पुढे केलं.

त्या रात्री जेवताना तिनं मिठाची बाटली त्याच्यापुढे सरकवली. त्यानं आश्चर्यानं पाहिलं.

“घ्या हो थोडं,” ती म्हणाली. “एका दिवसानं काय होतंय.”

सकाळी निघताना तो म्हातारीच्या पाया पडायला वाकला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ उचललाच नाही. तिच्या ओठांची हालचाल तेवढी त्याला वाकल्या वाकल्या दिसत होती. नेहमीसारखं ‘बघतो’ असं मात्र आज त्यानं म्हटलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याचेही ओठ किंचित हलले. आता जे काही ते यंत्र सांगेल. आकडा चढलेलाच निघेल, बाई मान हलवतील, सगळे हळहळतील, आणि आपल्याला काही सांगावं लागणार नाही. हे मनात आलं तशी त्याची पाठ कित्येक दिवसांनी बाकाला टेकली. शेजारी बायको समोरच्या माणसाच्या टकलाकडे बघत बसली होती.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर भोंगा आधीच येऊन बसला होता, केस विंचरून, जणू तपासणी त्याचीच होती. त्यानं अंगठा वर केला. त्याला बाहेरच ठेवून तो आत गेला. मागून बायको गेली.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, आवळला, हळूहळू सुटला. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, थोडं थांबून पुन्हा एकदा मोजलं, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत हसल्या.

“काय केलंत काय? अगदी छान आहे.”

“छान?” तो म्हणाला.

“पोराटोरांना असतो तसा. बघा, मी म्हणत नव्हते, विश्रांतीसारखं औषध नाही? सगळ्यांनी ऐकलं असतं तर माझी नोकरीच गेली असती.” त्यांनी पट्टा सोडला, कागद पुढे ओढला. “मग, उद्यापासून वर?”

त्यानं हसायचा प्रयत्न केला. ‘हो’ म्हणण्यासाठी तोंडही उघडलं. उजवा हात खुर्चीच्या हातावर होता. बोटांची पेरं पांढरी पडत गेली. बाई खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांचं पेन कागदावर खरखरत होतं.

बायको बाईंच्या मागे, भिंतीला लागून उभी होती. तिथं एक्स-रे बघायचा उजेडाचा तक्ता होता, हृदयाचं रंगीत चित्र होतं, आणि त्यांच्या मध्ये ती, खांद्याला अडकवलेल्या पर्ससकट. त्यानं वर पाहिलं. तिनं दोन्ही हात आडवे पसरले. तळवे जमिनीकडे. पर्स घसरून कोपरापाशी येऊन लोंबकळली. तिनं ती सावरली नाही. हात ताठ होते.

त्याची बोटं उघडली.

खुर्चीच्या हातावर घामाचा ओला ठसा राहिला. त्यानं हात मांडीवर ठेवला, तळवा वर करून, आणि त्याच्याकडे असं पाहिलं जणू कुणी आत्ताच आणून दिला होता.

“बाई,” तो म्हणाला, “सही करू नका.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “का हो? आता काय झालं?”

“प्रेशर नाही. हा हात.” त्यानं तो जरासा उचलून दाखवला. “सांगतो. वेळ आहे ना तुम्हाला?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. तो बोलायला लागला. भिंतीजवळ बायकोचे हात अजून तसेच होते. ती खूण संपवायची कशी हे त्यानं कधी शिकवलंच नव्हतं. बोलता बोलता त्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा कुठं ते खाली आले.

बाहेर आले तेव्हा भोंगा ताडकन उठला. दार उघडायच्या आवाजालाच त्याचा अंगठा वर गेला होता.

“काय? चढवायचं ना वर?”

त्यानं मित्राकडे पाहिलं. मग दवाखान्याच्या त्या अरुंद बोळात, जाणाऱ्या-येणाऱ्यांना अडथळा होईल एवढे हात पसरून, त्यानं तळवे जमिनीकडे केले.

भोंग्याचा अंगठा तसाच राहिला. त्याचं तोंड उघडलं. आता आवाज येईल, परिचारिका ओरडेल, असं बायकोला वाटलं. पण मागे हात नेऊन त्यानं बाक चाचपला आणि हळूहळू, जड वस्तू टेकवावी तसा, त्यावर बसला. दोन्ही तळव्यांनी त्यानं चेहरा पुसला. मग पुन्हा पुसला.

तो भोंग्याच्या शेजारी बसला. बायकोनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून सैल केलं, आणि ती आधी भोंग्याला दिली.