हातगियरची फेरी

"डावा पाय काहून हलवून राहिला बे?" खुशालरावांनी विचारलं.

"मुंग्या आल्या, मालक," देवमन म्हणाला आणि त्याने पाय स्थिर ठेवला. मूर्तिजापूर मागे पडलं होतं. अकोला अजून पाऊण तासावर होतं आणि तेवढ्या वेळात त्याला लुळ्या पायात जीव आणायचा होता.

गाडी जर्मन, दोन दारांची, वीस वर्षांची म्हातारी. खुशालरावांची धामणगावला कापसातून सरकी काढायची जिनिंग होती. बरे दिवस होते तेव्हा त्यांनी ही गाडी मुंबईहून आणली. आता दोन हजार सहा साल होतं आणि यंदा जिनिंग जेमतेम दोन महिने चालली. कापूस बुडालेल्या खेड्यांतून जाताना लोक गाडीकडे असे बघत की मालक काच वर करून घेत. तरी गाडी काही त्यांनी विकली नाही. तिची मागची सीट नावापुरतीच. तिथे बसायचं तर माणसाची घडी घालावी लागे. त्यामुळे मालक आणि ड्रायव्हर शेजारीशेजारी बसत. अकरा वर्षं असेच बसत आले होते.

गाडी ऑटोमॅटिक होती, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. देवमनची नोकरी टिकली होती ती एवढ्याच गोष्टीवर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कमरेतली शीर दबली आणि पोटरीपासून खालचा पाय हळूहळू निकामी झाला. हे एकट्या केशरबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. ती रोज तेल चोळायची आणि रोज म्हणायची, "सांगून टाका ना मालकाले." देवमन ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. छप्पन्न वर्षांच्या, पाय गेलेल्या ड्रायव्हरला कोण ठेवतं? त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायची इच्छाही नव्हती.

पण आता ऑटोमॅटिक गियरबॉक्सच झटके मारू लागला होता. अमरावतीत त्याला हात लावायला एकही मिस्त्री तयार होईना. हातगियर, म्हणजे क्लच दाबून हाताने बदलायचा, असता तर कोणीही खोलून दिला असता. दलाल म्हणाला, या मॉडेलमध्ये हातगियर म्हणजे गुलबकावलीचं फूल, आलेल्या सगळ्या ऑटोमॅटिकच. तरी तो चिकाटीने शोधत राहिला आणि अकोल्याच्या डॉक्टर मोहसीन यांच्याकडे त्याला तीच गाडी हातगियरची सापडली. डॉक्टरांना नेमकी ऑटोमॅटिक हवी होती. अदलाबदल ठरली. आता राहिली होती फक्त देवमनची फेरी. त्याने चालवून 'चांगली हाय' म्हटल्याशिवाय खुशालरावांनी आजवर साधा ट्रॅक्टरसुद्धा घेतला नव्हता.

डॉक्टर फाटकातच उभे होते.

"खुशालभाऊ, माझा डावा घुटना गया काम से," ते हसत म्हणाले आणि त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "क्लच दाबला की डोळ्यापुढे तारे. तुमच्या गाडीत ती झंझटच नाही. झटके देते, मालूम आहे मला. पुण्याला दुरुस्त करून घेईन."

खुशालरावही हसले. देवमनच्या मात्र अंगाची लाही झाली. गुडघा गेला हे या माणसाने किती सहज सांगितलं, वर हसलासुद्धा. आपण तेच दोन वर्षं चोरीच्या मालासारखं दडवत बसलो.

मालक चहा संपवत होते तेवढ्यात तो हातगियरच्या गाडीत जाऊन बसला. डावा पाय हाताने उचलून त्याने क्लचवर ठेवला आणि मांडीचा सगळा जोर लावला. क्लच बोटभर खाली गेला आणि पाय घसरून बाजूला पडला. दुसऱ्यांदाही तेच.

दार उघडून मालक शेजारी बसले. "चाल."

तरुणपणी देवमन ट्रक चालवायचा. एकदा चिखलदऱ्याच्या घाटात क्लचची वायर तुटली, तेव्हा त्याने भरलेला ट्रक बिनक्लचचा खाली आणला होता. आता त्याने गाडी बंद असतानाच पहिला गियर टाकला आणि तशीच किल्ली फिरवली. गाडीने उडी मारली, गुरगुरली आणि चालू लागली.

"इंजिन ठंडं हाय," देवमन म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर त्याने ॲक्सिलरेटर सोडला, गियरची दांडी मधे ओढली, इंजिनचा आवाज उतरण्याची वाट पाहिली आणि नेमक्या क्षणी दुसरा गियर आत सरकवला. दात घासल्याचा जरासाही आवाज नाही. मग तिसरा. बोटांना गियरबॉक्स कळत होता. काय सुरेख बनवला होता बेट्यांनी. दोन मिनिटं देवमन भीतीसुद्धा विसरला.

"लोण्यासारखी जाऊन राहिली," खुशालराव खूष होऊन म्हणाले.

बाजार समितीच्या वळणावर कापसाची बंडी आडवी आली. बैल रस्त्याच्या मधोमध थांबले. देवमनने ब्रेक दाबला आणि गाडी थरथरून बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. बंडी गेली. त्याने पहिला टाकून पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी धक्का एवढा बसला की मालकांचा हात समोर आपटला. पुढे कशीबशी जाऊन गाडी कडुनिंबाखाली पुन्हा बंद पडली.

"क्लच गेला का याचा?" मालकांचा चेहरा उतरला. "डॉक्टर फसवून राहिला का आपल्याले? तू सांग. तू म्हनशील तसं. खराब असन तर आपली जुनीच बरी."

देवमन समोरच्या काचेतून बघत राहिला. एक 'हो' पुरत होतं. सौदा मोडला असता, संध्याकाळी दोघे आपल्या गाडीतून परत गेले असते, आणि ती गाडी चालेल तितके दिवस नोकरी चालली असती. मालक उत्तराची वाट पाहत होते. गाडीबद्दल त्याला विचारलं की ते नेहमी असेच गप्प बसून वाट पाहत.

"क्लच चांगला हाय, मालक," तो म्हणाला. "माहा पाय गेला."

खुशालरावांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी वाकून खाली पाहिलं.

"कवापासून?"

"दोन वर्सं."

"दोन वर्सं!" त्यांचा आवाज चढला. "माही नात गाडीत बसत होती ना बे तुह्या भरोशावर!"

"त्या गाडीले डावा पाय लागतच नव्हता."

"मंग आज काहून बोलला? क्लच खराब हाय म्हनला असता. मी काय पाहाले आलो असतो?"

"गाडीबद्दल कधी खोटं नाही बोललो तुमच्यासंग."

"पायाबद्दल बोललाच ना?"

देवमनने डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला.

सौदा झाला. परतताना खुशालराव स्वतः हातगियरची गाडी चालवायला बसले. कित्येक वर्षांत त्यांनी क्लचला पाय लावला नव्हता. मूर्तिजापूरपर्यंत दोनदा गाडी बंद पडली. बडनेऱ्याच्या पुलावर चढाला गर्दीत ती मागे घसरू लागली आणि मागच्या ट्रकवाल्याने शिवी हासडली. देवमनने शेजारून हँडब्रेक ओढून धरला.

"क्लच अर्धा सोडा. घाई नका करू. आता रेस द्या. द्या अजून." त्याने हँडब्रेक सोडला. गाडी चढ चढली.

"तिसरा टाकू का?" पूल उतरल्यावर मालकांनी विचारलं.

"थोडं थांबा. हं, टाका."

अमरावती आली तेव्हा दिवस मावळायचा होता. बंगल्याच्या फाटकासमोर खुशालरावांनी गाडी थांबवली.

"सोमवारपासून दुसरा ड्रायवर पाह्यतो मी," ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. "तुले दुखत असन लय."

"होय, मालक."

फाटक बंद होतं. उघडायला उतरणं आता शेजारी बसणाऱ्याचं काम होतं. देवमन उतरला. गेली दोन वर्षं तो मालकांच्या आधी येऊन गाडीत बसत असे, आणि चालायची वेळ आलीच तर त्यांच्या मागून चालत असे. आज तो त्यांच्या समोरून, डावा पाय ओढत, फाटकापर्यंत गेला. पंधरा-वीस पावलं असतील. सावरून चालायचा प्रयत्न त्याने केला नाही आणि मालकांनीही हॉर्न वाजवला नाही. त्याने एक झडप उघडली, मग दुसरी उघडली, आणि गाडी आत जाईपर्यंत तो फाटक धरून उभा राहिला.